क्लचाचा कौल

अस्नोडा ओलांडून डिचोलीकडे जाताना जो चढ लागतो, त्याच्या मध्यावर पिकअपने दगा दिला. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी मात्र म्हाताऱ्या म्हशीसारखी जागच्या जागी कुंथत होती. सुविधाने पाय आणखी दाबला. इंजिन आणखी बोंबललं. मग खालून करपलेल्या गोणपाटासारखा वास आला.

"काय जळता गो?" शेजारी बसलेल्या कमलाक्षीकाकीने पदर नाकाला लावला.

"आपला नशीब," सुविधा म्हणाली आणि हँडब्रेक ओढला.

काकी उतरली, साडी खोचून गटारातला जांभ्याचा एक चिरा तिने मागच्या चाकाला लावला. काकी म्हणजे सुविधाच्याच पार्से गावातल्या बाबली गुरवाची बायको. परसातली भाजी विकायची आणि मालाबरोबर केबिनमध्ये बसून बाजाराला यायची. मागे हौद्यात वाड्यावरच्या बायकांचा सगळा माल होता. चतुर्थी आठवड्यावर आली होती. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी लोक काय वाटेल ते विकत घेत होते: नारळाच्या पेंडी, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड, निरफणस, रानातली कसली कसली फळं. वर्षभर या बायकांच्या हातात जे पडत नाही ते या आठवड्यात पडतं. आणि नेमका याच आठवड्यात क्लच गेला होता.

सुविधाला क्लच गेल्याचं दुःख नव्हतं. क्लच हा जाणारच असतो. तिला राग आला होता तो याचा, की तो कोणी जाळला हे तिला ठाऊक होतं आणि घरी गेल्यावर कोणाच्या माथी मारला जाणार हेही ठाऊक होतं.

गाडी थंड होऊ दिली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा हॉर्न खात ती कशीबशी वर चढली. बाजारात पोचेपर्यंत चांगल्या जागा गेल्या होत्या. बायकांनी माल मच्छीमार्केटच्या बाजूच्या चिखलात मांडला.

संध्याकाळी अंगणात देवेश मोबाइलची बत्ती घेऊन गाडीखाली डोकावला. सुविधाचा हा धाकटा दीर. कंबरेवर हात ठेवून बोलायची त्याला सवय होती. खाली वाकतानाही एक हात कंबरेवरच होता.

"क्लच खाल्लो," तो म्हणाला. "वयनीचो पाय सगळो दीस पेडलार आसता. बायलांक सवयच ती. पाय सोडूक भियेतत."

"आणि आयतवारी गाडी कोण व्हरता रे?" सुविधा म्हणाली. "हौद्यात तांबडी माती पडल्या ती काय माज्या भेंड्यांची? चिरे भरून चिऱ्यांच्या खाणीसून वर चढयतंस अर्ध्या क्लचार. माका वास येवक नाय समजतंस?"

"एक दोन खेपो मारलंय म्हणून क्लच जळता?"

"जळता."

सासरे सगुण, ज्यांना सगळं घर तात्या म्हणे, सोप्यावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. तात्यांनी उभी हयात डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवण्यात घालवली होती. खाणी बंद पडल्या, टिपर विकला, त्यातून ही पिकअप घेतली. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि थोरला रुद्रेश, सुविधाचा नवरा, बोटीवर नोकरीला निघून गेला, तेव्हा गाडी चालवायला घरात उरली ती सुविधा. देवेशला तेव्हा भाजीची गाडी चालवण्यात कमीपणा वाटायचा. तात्यांनीच सुनेला कापणी झालेल्या मळ्यात गाडी शिकवली. "हिच्या पायाक अक्कल आसा," असं ते चारचौघांत सांगायचे. शेजारच्यांनी नाकं मुरडली तेव्हा हेच तात्या तिच्या बाजूला बसून डिचोलीच्या बाजारापर्यंत मुद्दाम काच खाली करून गेले होते.

"डिचोलेक विशालाकडे न्हेवया," तात्या म्हणाले. "नवो घालूक व्हयो."

"घालूचो तर हेवी घालूया," देवेश लगेच म्हणाला. "चतुर्थी सोपली की चिरेखाणी जोरात चालू. माज्या दोस्ताचा काँट्रॅक्ट आसा. रोजच्यो खेपो. सादो क्लच तीन म्हयन्यांत मरतलो."

"गाडी रोज बाजाराक जाता," सुविधा म्हणाली. "चिऱ्यांक कोणी दिली?"

"बघू," तात्या म्हणाले. त्यांच्या बघूनंतर जे व्हायचं ते सुविधाला न विचारता व्हायचं.

बोलणं क्लचाचं चाललं होतं, पण क्लचाबद्दल कोणीच बोलत नव्हतं. हेवी क्लच बसला की गाडी देवेशची, साधा बसला की सुविधाची, इतकं हे सरळ होतं. चिऱ्यांना लागलेली गाडी पहाटे भाजी भरायला रिकामी मिळत नाही. वाड्यावरच्या बायका मग बसला टोपल्या घेऊन लटकणार, कंडक्टरच्या शिव्या खाणार, आणि सुविधा पुन्हा चुलीपाशी. तीन वर्षांत तिला घरात जे काही वजन आलं होतं ते त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून आलं होतं. ते तिला सोडायचं नव्हतं. मेली तरी नव्हतं सोडायचं.

शनिवारी बाजाराहून परतताना ती तात्यांना घेऊन विशाल मेस्तच्या गॅरेजवर गेली. देवेश आपली मोटारसायकल घेऊन आधीच हजर. हे गॅरेज खाणीच्या ट्रकांवर पोसलेलं. खाणीवाल्यांचं एक ठरलेलं असतं: जे जड ते चांगलं. जड पाटे, जड टायर, जड बोलणं. आता ट्रक उरले नव्हते, पिकअप आणि टेम्पो येत होते, पण भिंतीला टेकून बसलेले म्हातारे ड्रायव्हर तेच होते आणि त्यांचं मत विचारावं लागत नसे.

"हेवीच घाल," एक म्हातारा म्हणाला. "सगुणाच्या गाडयेक सादो? लोक हांसतीत."

विशाल हात पुसत आला. "हेवी घातल्यार वजन ओढतलो, पण पेडल घट्ट जातलो. सादो घातल्यार पेडल मऊ, पण चिरे भरल्यार टिकाचो नाय. आता तुमी ठरवा. माका दोन्ही सारखेच. मी काय घरी न्हेवन दाबूचंय नाय."

"पेडल किती घट्ट?" सुविधाने विचारलं.

कोपऱ्यात एका चिरेवाल्याची अशीच पिकअप उभी होती, हेवी क्लचाची. विशालने हात केला. "बसून बघ."

ती चढून बसली. सीट मागे होती, उंची तिची बेताची. पाठीला आधार राहिला नाही. तिने डावा पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि तिथून त्याने तिलाच मागे ढकललं. दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीच्या पायरीवर घसरून तिचा डावा गुडघा दुखावला होता. त्या गुडघ्यात आता सुई शिरल्यासारखी कळ उठली. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं, ढुंगण सीटवरून उचललं आणि सगळं अंग पायावर टाकून पेडल खाली नेलं. धरून ठेवताना मांडी थरथरू लागली. साडीच्या आतून थरथरणारी ती मांडी बाहेरून दिसत होती, आणि भिंतीजवळचे सगळे बघत होते.

"वयनी, चतुर्थीचे मोदक जरा जास्त खा," देवेश म्हणाला. "वजन वाढला की जातलो खाली."

म्हातारे हसले. तात्या हसले नाहीत. ते चपलेच्या अंगठ्याने जमिनीवरचा एक नट इकडून तिकडे ढकलत राहिले.

सुविधा उतरली. "ह्या माका दिसभर जमाचा नाय," तिने तात्यांना सरळ सांगितलं. "म्हापशाच्या ट्रॅफिकात तर नायच. सादो घाला."

"मी दोन्ही हाडून ठेवतंय," विशाल म्हणाला. "बुधवारी गाडी हाडा. तवसर हळू चलवा, कमी भरा."

सोमवारी दुपारी ती परसात नारळ सोलत होती. तात्या बाहेरून आले. कपाळाला गंध, हातात फूल. पायही न धुता ते सोप्यावर बसले आणि सासूबाईंना हाक मारली, "सुशीला, हयसर ये." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देवळात गेल्लंय. कौल घेतलंय. हेवी घालूचो काय म्हणून विचारलंय. देवीन उजवो दिल्यान."

सासूबाईंनी तिथूनच हात जोडले. बाबली गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली की देवीचा होकार. या घरातली लग्नं, विहीर, टिपरची विक्री, सगळं त्या कळ्यांनी ठरवलेलं. कौल मिळाला की त्या विषयावर घरात कोणी तोंड उघडत नसे.

सुविधाने उघडलं. हातातला कोयता नारळात रोवून ती उठली. "कोण दाबतलो ता विचारलात? पेडल देवी दाबतली?"

म्हणून झाल्यावर तिचं तिलाच कळलं की हे जास्त झालं. देवेश भुवया उंचावून बघत राहिला. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. सुशीला ही तशी कजाग बाई नव्हे. सुनेला पहाटे चहा करून देणारी, संध्याकाळी तिच्या गुडघ्याला तेल लावून देणारी. पण देवीपुढे तिला कोणी नव्हतं.

"आत चल," त्या म्हणाल्या. "चल म्हणतंय. चतुर्थी तोंडार आयल्या, घोव तुजो दर्यात आसा, आणि तू देवीक असा बोलतंस? देवाकडे बस आणि माफी माग."

सुविधा देवघरापुढे गुडघे टेकून बसली. डावा गुडघा जमिनीला लागला तशी कळ डोक्यापर्यंत गेली. सासूबाई बाजूला उभ्या राहून एकेक शब्द सांगत होत्या आणि ती मागून म्हणत होती: चुकलंय, जीभ घसारली, पदरात घे. तीन वेळा नाक घासून झालं. दारातून सोपा दिसत होता. तात्या पाठमोरे बसले होते. हातातलं फूल त्यांनी अजून खाली ठेवलं नव्हतं.

रात्री रुद्रेशचा फोन आला. बोटीवरून आवाज तुटत तुटत येत होता. "कौल जाल्यार कित्याक वाद घालतंस?" तो म्हणाला. "हेवी तर हेवी. सवय जातली."

"तुजो पाय दी, मगे सवय करतंय," ती म्हणाली आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला.

मंगळवारी पहाटे ती अर्धीच गाडी भरून निघाली. उरलेल्या बायकांना बसने यावं लागणार होतं. त्यांची तोंडं बघायला नकोत म्हणून तिने आरशाकडेही पाहिलं नाही. कमलाक्षीकाकी नेहमीसारखी शेजारी. कोलवाळचा पूल दिसू लागला. मग तिला राहवेना.

"काकी, तुज्या घोवान उजवो दिल्यान तो आता मी जल्मभर दाबतलंय."

"कसलो उजवो?"

"क्लचाचो. काल तात्या कौल घेवक इल्ले न्हय?"

काकी तिच्याकडे बघतच राहिली. "आमकां सोयर आसा न्हय गो? आयतवारी सांजेक सावंतवाडीसून फोन इलो, पुतण्याक चेडू जाला. तेवापासून हे देवळाची पायरी चढूक नाय. भट येता, पूजा करून जाता. कळयो लावपी कोण? धा दीस कौल-प्रसाद बंद. चतुर्थीच्या तोंडार लोक परत जातत, हे घरात बसून वैतागल्यात."

सुविधाने गाडी बाजूला घेतली. घेतली म्हणजे ती आपोआप घेतली गेली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या पुलाच्या तोंडाशी कळलं. तात्या खोटं बोलले, हा राग होताच. माणसं खोटं बोलतात. पण ती देवघरात नाक घासत होती तेव्हा हा माणूस सोप्यावर पाठ करून बसला होता. एक शब्द टाकला असता तर ती उठली असती. त्याने तो टाकला नाही. आपल्याला गाडी शिकवणारा, काच खाली करून बाजारात मिरवणारा हाच तो माणूस. दात-ओठ खाताखाताच तिला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

"काय जाला गो? बरा नाय?" काकीने विचारलं.

"काय नाय. मीच उलटा आयकलंय आसतलंय."

ती गप्प बसली ती तात्यांना वाचवायचं म्हणून नव्हे. काकीच्या तोंडी गेलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या पार्सेत झाली असती, आणि मग तो गावाचा तमाशा झाला असता. सुविधाला तमाशा नको होता. तिला तो माणूस समोरासमोर हवा होता.

बुधवारी विशालच्या टेबलावर दोन खोके शेजारी शेजारी मांडलेले होते. देवेशने मोठा खोका उघडून प्लेट बाहेर काढली होती आणि तो ती हातावर तोलून भिंतीजवळच्या म्हाताऱ्यांना दाखवत होता. तात्या गाडीतून उतरले.

"हेवी घाल," तात्या विशालला म्हणाले. "देवीचो कौल आसा."

"रव जरा, विशाल," सुविधा म्हणाली. "तात्या, सोमारी कळयो कोणी लायल्यान?"

"बाबलीन. दुसरो कोण?"

"बाबलीक सोयर आसा. आयतवारपासून. देवळाची पायरी चढूक नाय तो."

देवेशने प्लेट खाली ठेवली. "मगे भटान लायल्यान आसतलो."

"भट कळयो लायणा नाय, ह्या तुका पण म्हायत आसा." ती देवेशकडे बघतही नव्हती. "तात्या, हयसर चार माणसां आसत. देवीचा नाव घेवन सांगा, उजवो पडलो म्हणून. एकदा सांगा. मी हेवी घालून घेतंय, माजो पाय मोडलो तरी परत तोंड उघडूचंय नाय."

भिंतीजवळ कोणी हसलं नाही. खोटं सांगायची तात्यांना आणखी एक संधी होती आणि ती तिने स्वतः त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. ओठ हलले. एकदा देवेशकडे पाहिलं, एकदा खोक्यांकडे. देवीचं नाव काही तोंडातून बाहेर येईना. खाणीवर वरून दगड कोसळताना टिपर मागे घेणारा तो माणूस एका सुनेपुढे घामाघूम झाला होता, आणि सुविधाला त्याची अजिबात दया आली नाही.

"विशाल," शेवटी ते खोक्यांकडे बघतच म्हणाले, "सादो घाल."

"तात्या!" देवेश ओरडला. "दोस्ताक शब्द दिलंय मी. बायलेचा आयकून..."

"सादो घाल म्हणालंय ना!"

देवेशने उघडा खोका लाथेने उडवला. "मगे चतुर्थीक माका त्या घरात बघू नकात. तुमची सून आणि तुमची भाजी. ओवाळा दोघांक." मोटारसायकल रस्त्याला लागेपर्यंत तिचा आवाज सगळ्यांना ऐकावा लागला. गणपतीला घरचा मुलगा नाही म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तात्या मटकन फळीवर बसले.

विशालने गाडी वर घेतली. गिअरबॉक्स खाली उतरवायला त्याला आणि एका कामगाराला छातीवर तोलून धरावा लागला. जुनी प्लेट बाहेर आली ती निळीकाळी पडलेली, अस्तर पार सपाट. सुविधाने विचारलं, "ह्या कशान जळला? पायान काय वजनान?"

"दोनय तऱ्हेनी असाच जळता," विशाल म्हणाला आणि प्लेट भंगारात फेकली. तेवढाही न्याय तिला मिळाला नाही.

फळीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तात्या. पावसाची एक सर पत्र्यावर वाजून गेली. मग तात्या बोलले.

"तो घर सोडून जातंय म्हणालो. दोस्ताकडे ऱ्हवतंय म्हणालो. मी काय करूचा होता?"

सुविधा गुडघा चोळत राहिली.

"आणि तुका नको म्हणूक माका तोंड नाय जाला. मीच शिकयलेली गाडी. कसा सांगू?"

"तोंड नाय जाला म्हणून देवीचा तोंड घेतलात?"

तात्यांनी मान खाली घातली.

"माका सांगूचा होता," सुविधा म्हणाली. आवाज चढला तशी तिने तो दाबला नाही. विशाल गाडीखाली थांबला, तरी दाबला नाही. "तोंडार सांगूचा होता, सुविधा, गाडी देवेशाक देतंय म्हणून. मी भांडलंय आसतंय, रडलंय आसतंय, पण तुमका माणूस म्हटलंय आसतंय. तुमी माका देवाच्या पायां पडयलात. माज्या ह्या गुडघ्यार बसयलात आणि बघत ऱ्हवलात."

"बघी नाय होतंय मी. पाठ करून..."

"ताच तर सांगतंय!"

भिंतीजवळचे म्हातारे एकेक करून चहाच्या निमित्ताने उठून गेले.

दुपार कलली तेव्हा गाडी खाली आली. सुविधा बसली. पेडल मऊ होतं, पायाखाली सरळ जात होतं, सोडलं की गाडी अंग न झाडता पुढे सरकत होती. हे तिला हवं होतं, अगदी असंच हवं होतं, आणि तरी छातीतला राग तसूभर कमी झाला नव्हता. क्लच मिळाला म्हणून तिने खूश व्हावं असं जर कोणाला वाटत असेल तर त्याने स्वतः एकदा त्या देवघरात नाक घासून बघावं.

अस्नोड्याचा उतार, कोलवाळचा पूल, धारगळ. तात्या खिडकीबाहेर बघत बसले होते. पार्सेच्या वळणावर देवळाचा कळस दिसायला लागला तेव्हा ते सावरून बसले.

"हयसर जरा थांबय," ते म्हणाले. "देवीच्या पायां पडून येतंय. चुकलंय म्हणून सांगतंय तिका. मगे जीवाक बरा वाटात."

सुविधाने क्लच दाबला. गिअर बदलला. देवळाच्या फाटकासमोरून गाडी तशीच पुढे गेली.

"सुविधा गो..."

"देवी खंय जायत नाय. तिका मागीर सांगा," ती म्हणाली. "तिका सांगूचा सोपा. ती उलटून काय बोलाची नाय. खोटा तुमी घरात सांगलात, सोप्यार बसून, सगळ्यांक आयकाक येयत असा. खरा पण थयच सांगा."

"सुशीला काय म्हणात?"

"ता माका तेवा कोणी विचारूक नाय."

गाडी अंगणात शिरली. शेजारच्या दोघीतिघी उद्याच्या मालाचं विचारायला पेळेच्या कट्ट्यावर येऊन बसल्या होत्या. सासूबाई नव्या क्लचाचं म्हणून हळद-कुंकवाचं तबक घेऊन दारात उभ्या होत्या. देवीच्या शब्दाने बसवलेली वस्तू, तिची पूजा करायलाच हवी होती. तबकात कापराची वडी ठेवलेली.

"बसलो एकदाचो हेवी?" त्यांनी हसून विचारलं. "देवी पावली."

सुविधा उतरली नाही. तिने वाकून तात्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि वाट बघत राहिली. तात्या उतरले. उतरताना त्यांनी दाराची मूठ धरली ती सोडवेना. त्यांनी पेळेवरच्या बायकांकडे पाहिलं, मागे सुविधाकडे पाहिलं. ती इंजिन चालू ठेवून समोर बघत होती.

"सुशीला, ता तबक खाली ठेव," तात्या म्हणाले. "मी देवळात गेल्लंयच नाय."